मदत हवी आहे: मोटरच्या सिम्युलेशनमध्ये चुंबका-चुंबकातला फरक कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

१२ स्लॉट (स्टेटर, म्हणजे स्थिर भागातल्या खाचा), १० पोलची (रोटर, म्हणजे फिरत्या भागावरचे दहा चुंबक) मोटर आहे. रोटरच्या पृष्ठभागावर एन४२एसएच ग्रेडचे निओडिमियम मॅग्नेट चिकटवलेले. एफईएमएममध्ये (चुंबकीय क्षेत्राचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम) कॉगिंग टॉर्क, म्हणजे वीज नसतानाही चुंबक दातांकडे ओढले गेल्याने रोटर फिरवताना लागणारे हिसके, एका फेऱ्यात ६० वेळा वरखाली होतो (१२ आणि १० चा लसावि) आणि अगदी नगण्य येतो. बनलेल्या मोटरवर मोजला तर मात्र फेऱ्याला १२ आणि २४ वेळा येणारे घटक ठळक दिसतात, ६० वाला त्यांच्यापुढे कुठेच नाही.

१२ हा स्लॉटचा आकडा, आणि एखादा वेगळा चुंबक फेऱ्यात बाराही स्लॉटपुढून जातो, म्हणून माझा संशय चुंबकांवर आहे. खोट स्टेटरच्या दातांत असती तर १० च्या पटी दिसल्या असत्या.

सगळ्या चुंबकांचा रेमनन्स (चुंबकात टिकून राहिलेली चुंबकीय ताकद) एकदम १.२८ वरून १.३२ टेस्ला केला, तर फक्त ६० वाला घटक थोडा वाढतो, १२ उगवतच नाही. साहजिक आहे, सगळे सारखे बदलले की सममिती मोडत नाही. म्हणजे महत्त्व आहे ते एकाच रोटरवरच्या दहा चुंबकांतल्या आपापसातल्या फरकाला, आणि पुरवठादाराच्या सर्टिफिकेटवर नेमकं तेच नसतं. तिथे लॉटचा (एकत्र बनलेल्या अख्ख्या खेपेचा) आकडा असतो.

आमच्याकडे हेल्महोल्ट्झ कॉइल (चुंबक मोजायची तारेच्या वेटोळ्यांची जोडी) आहे. तिच्यावर प्रत्येक चुंबकाच्या मोमेंटचे (एकूण चुंबकत्वाचे) तिन्ही घटक मिळतात, म्हणजे ताकद आणि दिशेचा कल दोन्ही. पण ती सरासरी अख्ख्या तुकड्याची. एकाच चुंबकाच्या दोन टोकांत फरक असला तर तो कळत नाही.

आता प्रश्न. लॉटची सरासरी एक थर आणि चुंबकागणिक फरक दुसरा थर, असं धरणं योग्य का? एकाच ब्लॉकमधून कापलेले तुकडे एकमेकांसारखे असणार, त्यामुळे दहाही स्वतंत्र धरायला मन घेत नाही. दुसरं, चुंबक वेगवेगळे धरले की सममिती मोडते, म्हणून अर्ध्या मोटरचं मॉडेल आता चालत नाही. पूर्ण ३६०° आणि एअरगॅपमध्ये (रोटर-स्टेटरमधल्या फटीत) बारीक मेश (गणितासाठीची जाळी) घेऊन माँटे कार्लो (यादृच्छिक फरकांचे हजारो रोटर तपासणं) माझ्या संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय टॉर्क इतका लहान की मेशचा गोंगाटच त्याला गिळतो. काही जवळची वाट आहे का?

प्रतिसाद:

दोन थर बरोबर आहेत, तसंच करा. माँटे कार्लोसाठी मात्र दर वेळी एफईएम (जाळीवरचं ते पूर्ण सिम्युलेशन) चालवू नका. एकाच चुंबकाचा रेमनन्स १% वाढवा, तोच मेश ठेवून आधीच्या टॉर्कमधून वजाबाकी करा. बराचसा गोंगाट वजाबाकीत जातो आणि त्या चुंबकाचा प्रभाव-वक्र मिळतो. बाकीच्या नऊंसाठी तोच वक्र ३६°-३६° सरकवायचा, प्रत्येकाला त्याच्या फरकाने गुणायचं, बेरीज करायची. हजारो रोटर क्षणात होतात. दिशेच्या कलासाठी असाच वेगळा वक्र काढा. फरक लहान असेपर्यंत हे छान जुळतं. चुंबक लोखंडाच्या आत पुरलेले असतील तर लोखंडाचे पातळ ब्रिज (चुंबकाभोवतीच्या पट्ट्या) चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतात आणि साधी बेरीज नीट लागू पडत नाही, तिथे थोडे रोटर पूर्ण मॉडेलवर ताडून घ्या.

यातून एक कामाची गोष्ट निघते. १२ व्या घटकासाठी शेजारच्या चुंबकाचा फेज ७२° ने पुढे जातो, म्हणजे बरोबर समोरासमोरचे दोन चुंबक एकाच फेजमध्ये येतात. जास्त ताकदीच्या समोर तेवढाच कमी ताकदीचा बसवलात तर रेमनन्समुळे येणारे १२ आणि २४ दोन्ही जवळजवळ जातात. पण मग रोटर एका बाजूला जास्त ओढला जातो आणि बेअरिंगवर फिरता भार येतो. म्हणून जुळणीचा क्रम ठरवताना टॉर्कबरोबर त्रिज्य बलही काढा. कॉइलवरचे आकडे हाताशी आहेतच, आधी त्या मोजलेल्या मोटरचाच १२ वा घटक त्यांवरून येतो का ते पाहा.