मदत हवी आहे: जवळा पोटात गेलाच नाही, तरी आईच्या अंगावर गांधी उठल्या. असं होऊ शकतं का?

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आईचं वय ६४. तरुणपणी एकदा कोळंबी खाऊन तिचे ओठ सुजले होते, तेव्हापासून कोळंबी, जवळा काही म्हणजे काही नाही, आमच्या घरात ते शिजतच नाही.

गेल्या रविवारी ऐरोलीहून मावशी आली, वांग्याच्या भाजीचे दोन डबे घेऊन, एक साधी आणि एक जवळा घातलेली. आई जेवली, मस्त गप्पा चालल्या होत्या आणि पाऊण तासाने मावशी एकदम ओरडली, "अगं ताई, हिरव्या झाकणातली खाल्लीस? त्यात जवळा आहे!" झालं. दहा मिनिटांत आईचे हात लाल, बांगड्यांच्या वर रुपयाएवढ्या गांधी, मी स्वतः हात लावून बघितल्या, गरम लागत होत्या. घसा आवळतोय म्हणाली म्हणून रिक्षा करून पळालो, इंजेक्शन दिलं, तासाभरात उतरलं. घरी येऊन बघते तर जवळ्याचा डबा काठोकाठ भरलेला, चमचासुद्धा लागला नव्हता, झाकणांची अदलाबदल झाली होती!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले मनाचं आहे सगळं, लक्ष देऊ नका. आईला ते फार लागलं. "मी काय नाटकं करते का गं?" असं दोनदा विचारलं तिने मला. गांधी तर खऱ्या होत्या ना!

मी थोडं वाचलं. १८८६ मध्ये अमेरिकेत मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांनी गुलाबाचा त्रास असलेल्या बाईसमोर कृत्रिम गुलाब धरला तर तिला खरोखर शिंका आणि दम सुरू झाला. आणि २०२० चा तो स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा अभ्यास, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले ६० जण, त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली, काही महिने काहीच नाही, तर खऱ्या गोळीवर जो त्रास होत होता त्यातला ९० टक्के खोट्या गोळीवरही झाला. याला नोसिबो म्हणतात. म्हणजे त्रास खरा, फक्त सुरुवात भीतीपासून. निदान मला तरी असं समजलं.

पण मावशी आता म्हणते दोन्ही भाज्या एकाच कढईत केल्या होत्या, आधी जवळ्याची, मग ती नुसती विसळून साधी. मग तेवढ्यानेही होऊ शकतं का? घरी खायला घालून बघायचं वगैरे कृपया सुचवू नका, ते मी करणार नाही.

ठाणे किंवा नवी मुंबईत कोणी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर हलकं टोचून अ‍ॅलर्जी बघतात ती) किंवा आयजीईची (अ‍ॅलर्जीत रक्तात वाढणाऱ्या घटकाची) रक्ततपासणी केली आहे का, या वयात त्रास होतो का, आणि भीतीनेही अंगावर उठतं हे तिला खोटं न पाडता कसं सांगायचं? काल तिने फक्त दहीभात खाल्ला, तोही वाटी आधी स्वतः धुऊन.