‘सोलापुरात बीई म्हणजे वडिलांचे पैसे पाण्यात’ – या पोस्टला सविस्तर उत्तर

विजापूर वेस
दोन दिवस झाले, एक पोस्ट गावातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतेय. थोडक्यात असं आहे: सीईटीला नव्वदच्या आत पर्सेंटाइल असेल तर पुण्यात मिळेल ते कॉलेज घ्या, ब्रँच कुठलीही चालेल, कारण सोलापूर विद्यापीठाच्या डिग्रीवर आयटीत कोणी उभं करत नाही, इथं बीई करणं म्हणजे वडिलांचे पैसे पाण्यात. माझ्या बहिणीने ती वाचून मुलाचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीची यादी, उलटा केला. वर सगळं पुणं, खाली सोलापूर, आणि ब्रँच बघितलीच नाही. म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे डिग्रीवरचं नाव. २००४ पर्यंत आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठात होती, नंतर सोलापूर विद्यापीठ झालं, २०१९ला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आलं. अशोक चौकातलं वालचंद १९८३ पासून तिथंच आहे. लेटरहेड बदललं म्हणून तिथल्या मुलांना कोडिंग यायचं थांबलं का? ऑटोनॉमस कॉलेजात तर सिलॅबस आणि पेपर कॉलेजचाच असतो, विद्यापीठाचं काम शेवटी सर्टिफिकेटपुरतं. कंपनी आधी बघते साठ टक्के आहेत का आणि लाइव्ह केटी, म्हणजे अजून न सुटलेला विषय, आहे का. त्यानंतर विचारते प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस.

दुसरं, ‘ब्रँच कुठलीही’. याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. कम्प्युटरची आवड असलेल्या पोराने पुण्यासाठी सिव्हिल घ्यायचं, चार वर्षं नको ते विषय ओढायचे आणि शेवटच्या वर्षी पैसे भरून जावाचा क्लास लावायचा. हा सल्ला देणाऱ्याने कोणाच्या तरी घरात चार वर्षांचा खर्च टाकलाय.

पैशाचंही बोलू. सरकारची फी सवलत ही फीची असते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली, पण कॉटचं भाडं, मेस, ऑटो आणि दर पंधरा दिवसांचं तिकीट यातलं काहीच माफ नाही. शिवाय ती सवलत कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, लागलेल्या सीटला आहे. मॅनेजमेंटची सीट घेऊन नंतर सवलत शोधणारे पालक मी बघितलेत.

कॉलेज बघायचं तर वर्किंग डेला दुपारी जा. लॅब उघडी आहे का बघा, थर्ड इयरच्या पोरांना कँटीनला गाठा. एनबीएचं मानांकन कॉलेजला म्हणून नसतं, ब्रँचला असतं, आपल्या ब्रँचला आहे का विचारा. प्लेसमेंटच्या बोर्डवर एकाच मुलाचे तीन ऑफर तीन वेळा मोजलेत का तेही विचारा. हे सगळं पुण्याच्या कॉलेजलाही विचारा. आणि बीई हा एकच रस्ता नाही. ईसीएस म्हणजे कम्प्युटर सायन्सची बीएस्सी आहे, बीसीए आहे, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर आहे, केगावला विद्यापीठाच्या कॅम्पसवर एमसीए आहे.

हडपसर ते सात रस्ता
दादा, मी सोलापुरातूनच आयटी केलंय, त्यामुळे मला तरी ‘बाहेरचा’ म्हणू नका. डिग्रीचा प्रॉब्लेम नाही हे मान्य. प्रॉब्लेम गावाचा आहे. आमच्या वेळी कॅम्पसला मोजक्या कंपन्या आल्या, बाकी सगळं पूल कॅम्पस, म्हणजे अनेक कॉलेजांची एकत्र भरती, तीही पुण्यात. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, दुपारी ॲप्टिट्यूड, संध्याकाळी यादी लागायची, त्यात नाव नसायचं, रात्री परत. पुण्याची पोरं तिथं चालत आलेली असायची. त्यांचे सीनियर त्याच कंपनीत, त्यांची इंटर्नशिप सेकंड इयरपासून सुरू. पास झाल्यावर मी हडपसरला कॉट बेसिसवर राहून क्लास केला, मग नोकरी लागली. म्हणजे पुण्याचा खर्च वाचला नाही, पुढं ढकलला गेला. माझ्या भावाला मी पुण्यातच घातलं आणि पुन्हा विचाराल तर तेच सांगेन.

विजापूर वेस
इंटर्नशिपचं बरोबर आहे, ते नाकारत नाही. पण तुमच्या भावाला ब्रँच कुठली मिळाली ते लिहा की.

हडपसर ते सात रस्ता
कम्प्युटर. कॉलेज साधं आहे, पण कम्प्युटर.

विजापूर वेस
मग त्या पोस्टच्या विरोधातच झालं ना! तुम्ही ब्रँच बघून घेतलीत. आणि आता कम्प्युटरच्या सीट वाढल्यात म्हणून ती मिळतेय, २०२४-२५ला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, ब्रँचच्या सीटवरची वरची मर्यादा काढली. सीट वाढल्या म्हणून शिकवणारे वाढले का, हे भावाला विचारा. एका वर्गात किती जण बसतात आणि लॅबमध्ये एका मशीनवर किती, हेही.

भवानी पेठ
सगळे बीई बीई करालेत. आमच्या घरात पॉवरलूम, वडील टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. चार वर्षांची फी झेपणार नव्हती म्हणून मी ईसीएस घेतलं. घरी राहून, सायकलवर. सी, डेटा स्ट्रक्चर, डीबीएमएस सगळं ईसीएसलाही असतंय. एमसीए आता दोन वर्षांचंच आहे, सीईटी देऊन तेही केलं. माझा मित्र बीएस्सीवरच विप्रोला लागला, त्यांच्या विल्प स्कीममध्ये नोकरी करत एमटेक करतोय. हे पालकांना कोण सांगतंय? नातेवाइकात ‘पोरगा इंजिनिअर’ म्हणता येत नाही, एवढ्यासाठी कर्ज काढतेत. आणि बीसीएवाल्यांचं २०२४ला काय झालं बघितलं ना? एआयसीटीईने बीसीए-बीबीए आपल्या अखत्यारीत घेतलं, अचानक सीईटी आली, निम्म्या पोरांना फॉर्म भरायचाय हेच माहीत नव्हतं. काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं. त्यात बिचारी कॉमर्सची पोरं अडकली.

जुळे सोलापूर ७
मुळात चर्चा चुकीच्या टोकाला सुरू झालीय. सोलापुरात शिकून सोलापुरात नोकरी का नाही हे बोला. पाणी पाच दिवसांनी येतंय. उजनी धरण जिल्ह्यात, आणि आम्ही टाकीत पाणी साठवालोय. २०१६ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसमध्ये नववा नंबर आला तेव्हा फटाके फोडले होते. कुठली आयटी कंपनी या गावात तीनशे माणसं बसवेल? पाणी नाही, विमान नव्हतं.

हडपसर ते सात रस्ता
विमान आता आहे. २०२५च्या जूनमध्ये गोव्याचं सुरू झालं.

जुळे सोलापूर ७
झालं, पण किती उशिरा? विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडायला इतकी वर्षं घालवली. जून २०२३ला पाडली. दहा वर्षं आधी पाडली असती तर आज होटगी रोडला आयटी पार्क असतं.

ऊसवाला, दक्षिण सोलापूर
का बे, चिमणीवर कसं काय घसरलास? ती चिमणी सहकारी कारखान्याची होती, हजारो सभासदांची. कारखान्यावर आमची घरं चालतात. तुझ्या आयटी पार्कमध्ये आमच्या गावातली किती पोरं घेणार होतास? बोरामणीला मोठ्या विमानतळाची जागा किती वर्षांपासून ठरलीय, तिथं का नाही बांधलं?

जुळे सोलापूर ७
बोरामणीला माळढोक पक्षी आडवा आला. आणि शहरातल्या पोरांनी कायम पुण्यालाच जायचं का? तुम्हाला ऊस दिसतो, आम्हाला रविवारी संध्याकाळी स्टेशनवर बॅगा घेऊन उभी असलेली पोरं दिसतात.

ऊसवाला, दक्षिण सोलापूर
माझाही पोरगा त्याच गाडीला असतोय. मला नको शिकवू.

भवानी पेठ
विमानाने टॉवेलचं मार्केट वाढलं का तेही बघा एकदा. नुसतं आयटी आयटी.

जुळे सोलापूर ७
टॉवेलला विमान लागत नाही, गिऱ्हाइकाला लागतं. बाहेरचा खरेदीदार हैदराबादला उतरून पाच-सहा तास गाडीत का बसेल?

भवानी पेठ
हे मात्र खरंय. आमच्या शेठची दर वेळची तक्रार हीच.

विजापूर वेस
मंडळी, चिमणी पडली, विमान उडालं, तरी पुढच्या आठवड्यात ऑप्शन फॉर्म भरायचाय. हा वाद गणपतीनंतर घालू. ज्यांच्या घरात आत्ता फॉर्म आहे त्यांच्यासाठी बोला.

कुर्डुवाडी जंक्शन
फॉर्मचंच बोलतो. खरी गोची होम युनिव्हर्सिटीची आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. ७० टक्के सीट होम युनिव्हर्सिटीला, म्हणजे कॉलेज ज्या विद्यापीठाचं त्याच हद्दीतल्या पोरांना, बाहेरच्यांना ३०. सोलापूरचं विद्यापीठ एका जिल्ह्याचं. शिवाजीत होतो तोवर सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कॉलेजांत आम्ही घरचे होतो, २००४ नंतर बाहेरचे झालो. पुण्यालाही बाहेरचे. पुण्याच्या पोराला कमी पर्सेंटाइलला जे कॉलेज मिळतं त्याला आमच्या पोराला जास्त लागतात. वेगळं विद्यापीठ मिळालं म्हणून पेढे वाटले, पण इंजिनिअरिंगच्या पोरांचं नुकसानच झालं. परवडलं असतं शिवाजीच!

विजापूर वेस
यातलं अर्धंच पटतं. बीए-बीकॉमच्या मुलांना एका मार्कशीटसाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागायचे, ते आठवतं का? आणि त्याच नियमाने सोलापुरातल्या कॉलेजात ७० टक्क्यांत आपण आहोत. तो फायदा घ्यायचा सोडून ३० टक्क्यांच्या रांगेत उभं राहायचं आणि वर शेवटच्या कॉलेजची न आवडणारी ब्रँच घ्यायची, हेच ती पोस्ट सांगतेय.

अकलूजची
कुर्डुवाडी, एक भर. होम युनिव्हर्सिटी तुमच्या घरावरून नाही, बारावी जिथल्या कॉलेजातून पास झालात त्यावरून ठरते. आमच्या भागातून किती मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात. ती कॅपमध्ये नांदेड विद्यापीठाची धरली जातात. मग सोलापूरच्या कॉलेजातच ती बाहेरची! माझ्या मामेभावाचं असंच झालं, कळलं तेव्हा मेरिट लिस्ट लागली होती. लातूरला पाठवताना क्लासवाल्यांनी हे सांगितलं नाही.

मी स्वतः दहावीनंतर डिप्लोमा केला. घरच्यांना वाटलं मुलगी लवकर नोकरीला लागेल. मग डायरेक्ट सेकंड इयर, सोलापुरातच, कम्प्युटर. इथं एक सांगायचंय, कारण डिप्लोमाची फक्त स्तुती ऐकायला मिळते. लॅबमध्ये आम्ही डिप्लोमावाल्या पुढं होतो, प्रोग्रॅम आमचा आधी रन व्हायचा. पण एम-थ्रीला, म्हणजे सेकंड इयरच्या गणिताला, आडवे झालो. बारावीवाल्यांनी एम-वन, एम-टू केलेलं असतं, आम्ही थेट लाप्लासवर. माझ्या बरोबरच्या बऱ्याच जणींची केटी लागली, एकीचं वर्ष गेलं. कॉलेजने वेगळा क्लास लावला असता तर लागली नसती. तरी पुन्हा निवडायचं झालं तर डिप्लोमाच निवडेन, फक्त सुट्टीत गणित करून ठेवेन. आणि पुण्याला घरच्यांनी पाठवलंच नसतं. सोलापुरात कॉलेज होतं म्हणून मी इंजिनिअर आहे. ‘पैसे पाण्यात’ लिहिणाऱ्याने हे एकदा वाचावं.

हडपसर ते सात रस्ता
ताई, तुमचं मान्य करावंच लागेल. मुलींच्या बाबतीत माझं म्हणणं तसंच्या तसं लागू होत नाही. पण मुलगा आहे, घरचं बरं आहे आणि कम्प्युटर दोन्हीकडे मिळतंय, तर पुणंच. त्यावरून मी हलणार नाही. २०२५ला टीसीएसने बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. अशा बाजारात ओळख लागते, आणि ओळख सोलापुरात बसून होत नाही.

विजापूर वेस
ठीक आहे. कम्प्युटर दोन्हीकडे मिळत असेल, पुण्याचं कॉलेज खरंच चांगलं असेल आणि खर्च घराला झेपणारा असेल, तर पुणं. तीन अटींसह मान्य, एक कमी झाली तरी नाही. आणि टीसीएसचंच उदाहरण घ्यायचं तर सगळ्यांनी कम्प्युटरमागे का पळायचं? इथली प्रिसिजन कॅमशाफ्ट परदेशातल्या गाड्यांचे कॅमशाफ्ट सोलापुरात बनवते, फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. ज्याला मशीनमध्ये रस आहे त्याला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल नको म्हणून सांगणारे तुम्ही-आम्ही कोण? वालचंद हिराचंद सोलापूरचे, १९४०ला बंगळूरला विमानाचा कारखाना काढला.

ऊसवाला, दक्षिण सोलापूर
हे बरं बोललास. माझा पोरगा मेकॅनिकललाच आहे, लोकं मला येडं समजालेत.

जुळे सोलापूर ७
चिमणीवर माझं मत तेच आहे. पण मेकॅनिकलबद्दल काकांना शुभेच्छा.

कुर्डुवाडी जंक्शन
भाचीला ८४ पर्सेंटाइल आहेत, बारावी कुर्डुवाडीतूनच, ओबीसी, उत्पन्न आठच्या आत. कम्प्युटर हवंय. पहिला ऑप्शन काय टाकू?

विजापूर वेस
मागच्या वर्षीचा कॅपचा कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर आहे, होम युनिव्हर्सिटीचा ओबीसी मुलींचा रकाना बघा, जनरलचा बघून घाबरू नका. आधी सोलापूर-पंढरपूरची कम्प्युटर आणि आयटी, आवडीच्या क्रमाने. पहिला ऑप्शन पहिल्याच फेरीत लागला तर तो बंधनकारक होतो, पुढच्या फेरीला सोडता येत नाही, म्हणून जिथं खरंच जायचंय तेच एक नंबरला. नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला आजच तहसीलला टाका, तिथं जूनमध्ये रांग लागते.

अकलूजची
आणि भाचीला विचारा तिला काय हवंय. तिचा नंबर मला मेसेज करा, मी आज रात्री बोलते तिच्याशी.