व्हीएचएल आहे, एका कानाने कमी ऐकू येतंय, ब्रेन एमआरआय नॉर्मल. पुढे काय करावं?

प्रश्न
वॉन हिप्पेल-लिंडाऊ (व्हीएचएल, शरीरात जागोजागी गाठी होणारा आनुवंशिक आजार) सिद्ध झालेला पेशंट. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालंय, कानात आवाज येतो, चक्करही येते. हिमँजिओब्लास्टोमासाठी (रक्तवाहिन्यांची गाठ) केलेल्या ब्रेन एमआरआयमध्ये (५ मि.मी. स्लाइस) कानाजवळ काही दिसत नाही. एंडोलिम्फॅटिक सॅक ट्यूमर (आतल्या कानाच्या द्रवाच्या पिशवीची गाठ) शोधायचा तर आधी सीटी की एमआरआय? प्रोटोकॉल कसा लावता?

प्रतिसाद १
५ मि.मी.च्या स्लाइसवरून ही गाठ नाही असं म्हणताच येत नाही. काही मिलिमीटरची गाठही ऐकणं घालवू शकते.

आधी एमआरआय, तोही टेम्पोरल बोनचा (कानाभोवतीचं हाड). कॉन्ट्रास्टच्या आधी पातळ स्लाइसचा टी-१ आणि ३डी फ्लेअर (दोन्ही एमआरआयचे सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याच्या पद्धती). मग सिस किंवा फिएस्टा (कानातला द्रव ठळक दाखवणारे सिक्वेन्स), ०.५-०.६ मि.मी.; त्यानंतर गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) ०.१ मिलिमोल प्रति किलो देऊन १ मि.मी. किंवा त्याहून पातळ ३डी टी-१, फॅट सप्रेशनसह (चरबीचा पांढरेपणा दाबून). मॅस्टॉइडमधल्या (कानामागचं हाड) हवेमुळे फॅट सप्रेशन फसतं, म्हणून डिक्सन (चरबी वेगळी करण्याची दुसरी पद्धत) असेल तर तोच घ्या.

वेळ वाचवायला काही जण कॉन्ट्रास्टआधीचा टी-१ गाळतात आणि तिथेच घोळ होतो. या गाठीत रक्त आणि प्रथिनयुक्त द्रव असतो, त्यामुळे ती आधीपासूनच पांढरी दिसते. आधीची फिल्म नसेल तर हा पांढरेपणा मूळचा की कॉन्ट्रास्टचा, कसं ठरवणार?

आणि नजर सवयीने इंटर्नल ऑडिटरी कॅनालवर (ऐकण्याची नस जाते तो हाडातला बोगदा) जाते. ही गाठ त्याच्या मागे, कॅनाल आणि सिग्मॉइड सायनस (मेंदूची मोठी शीर) यांच्या मधोमध, पेट्रस हाडाच्या (टेम्पोरल बोनचा आतला भाग) मागच्या पृष्ठभागावर उगवते.

प्रतिसाद २
सीटीही हवाच, पण हाडासाठी: ०.६ मि.मी. किंवा पातळ, बोन अल्गोरिदमवर. किडीने खाल्ल्यासारख्या कडा, आत हाडाचे बारीक काटे, मागच्या बाजूला कॅल्सिफिकेशनची पातळ किनार. दोन्ही बाजूंचे वेस्टिब्युलर ॲक्विडक्ट (या पिशवीकडे जाणारी हाडातली बारीक नळी) शेजारी ठेवून बघा. नुसता रुंद ॲक्विडक्ट गुळगुळीत कडांचा असतो. कड कुरतडलेली दिसली की गाठीचा संशय घ्या. ओटिक कॅप्सूल (आतल्या कानाभोवतीचं कठीण हाड) शाबूत आहे का, हेही सर्जनला सीटीवरच कळतं.

प्रश्नकर्ता
ग्लोमस (कवटीच्या तळाची रक्ताळ गाठ) किंवा कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमापासून (जुन्या रक्तस्रावातून बनणारी पिशवी) वेगळं कसं ओळखायचं?

प्रतिसाद ३
मुख्यतः जागेवरून. ग्लोमस जुग्युलर फोरामेनपासून (कवटीच्या तळाचं शिरेचं छिद्र) वर चढतो. कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा बहुधा पेट्रस एपेक्सला (पेट्रस हाडाचं आतलं टोक), टी-१ आणि टी-२ दोन्हींवर पांढरा, आतून कॉन्ट्रास्ट न घेणारा, हाड गुळगुळीत फुगवणारा. व्हीएचएलमध्ये किडनीच्या कॅन्सरचं मेटास्टॅसिसही यादीत ठेवा. गाठ मोठी असेल तर फ्लो व्हॉइड (वेगाने वाहणाऱ्या रक्ताचे काळे ठिपके) दिसतात. मग ऑपरेशनआधी अँजिओग्राफी करून रक्त कुठून येतंय ते बघतात, बहुधा असेंडिंग फॅरिंजियल धमनीकडून.

प्रतिसाद १
एवढं करूनही गाठ दिसली नाही, तर कॉन्ट्रास्टआधीच्या फ्लेअरवर लॅबिरिंथ (आतला कान) बघा. तिथे पांढरं दिसणं म्हणजे रक्तस्राव असू शकतो. त्यानेही असंच अचानक ऐकू येईनासं होतं. हायड्रॉप्सची (आतल्या कानात द्रव साचून फुगणं) शंका असेल तर कॉन्ट्रास्टनंतर सुमारे ४ तासांनी ३डी फ्लेअर पुन्हा. दुसरा कानही तितक्याच बारकाईने वाचा, व्हीएचएलमध्ये गाठ दोन्हीकडे असू शकते. आणि रिक्वेस्ट फॉर्मवर ‘व्हीएचएल’ लिहाच. नुसतं ‘चक्कर’ लिहिलं तर टेबलावर रुटीन ब्रेनच होतो.