मिठाच्या पुड्यावर तारीख : बीपी, इन्शुलिन रेझिस्टन्स आणि इंदूरची स्वयंपाकघरं

लोकमान्य नगर, वय ५७

गेल्या दिवाळीनंतर माझं बीपी १५८/९६ निघालं. उपाशीपोटी साखर ११२, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१. डॉक्टरांनी उपाशीपोटीचं इन्शुलिनही करून घेतलं, ते १९ आलं. या साखरेला इन्शुलिनने गुणून ४०५ ने भागलं की होमा-आयआर नावाचा आकडा येतो. माझा सव्वापाच आला. डॉक्टर म्हणाले, साखर अजून मधुमेहाची नाही, पण ती आटोक्यात ठेवायला शरीर फार जास्त इन्शुलिन ओततंय, यालाच इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आणि हे जास्तीचं इन्शुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं, म्हणून बीपी आणि साखर ही दोन वेगळी दुखणी समजू नका.

घरी येऊन मी एक साधी गोष्ट केली. मिठाचा एक किलोचा नवा पुडा फोडला आणि त्यावर तारीख लिहिली. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आम्ही चौघं. म्हणजे पुडा ५० दिवस पुरायला हवा. आमचा २६व्या दिवशी संपला. यात बाहेरून येणारं मीठ धरलेलंच नाही. पोह्यांवरची सेव, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), चहाबरोबरचं नमकीन, पापड, कचोरी हे सगळं वेगळं. इंदुरात जेवण साधं असतं हो, पण दोन जेवणांच्या मधे जे तोंडात जातं त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मग सेवेचा डबा घरात भरणं बंद केलं. पोहे रविवारीच, आणि त्यात निम्मे पोहे, निम्मे मोड आलेले मूग आणि मटार. दोन्ही वेळच्या जेवणात एक वाटी भाजी वाढवली, पोळी एक कमी केली. आहारतज्ज्ञ बाईंनी डॅश आहाराचा, म्हणजे बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या आहाराचा, कागद दिला होता. त्याचा पहिला अभ्यास १९९७ साली छापून आला. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली : त्या लोकांचं मीठ कमी केलेलंच नव्हतं, तरी भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही वाढवल्यावर बीपी उतरलं. म्हणजे नुसतं काढून टाकायचं नाही, ताटात घालायचंही आहे. माझ्या ताटात ते दुधी, पालक, तुरीचं वरण, घरचं दही आणि पपई असं आलं.

सहा महिन्यांनी बीपी १३४/८४, बीपीची गोळी तीच एक. एचबीएवनसी ५.८. दुसरा पुडा ३९ दिवस गेला.

तुम्हीही या धाग्यावर लिहा. काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही. आणि पुडा किती दिवस पुरला तेही.

विजय नगर, वय ३४

ताई, तुमचं वाचून आईकडून पुड्यावर तारीख घालून घेतली.

माझं दुखणं वेगळ्या वाटेनं कळलं. मानेवर काळपट, जाडसर कातडी आली होती. मी मळ समजून घासत राहिलो. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, ही खूण जास्तीच्या इन्शुलिनची आहे, पोटाचा घेर मोजा. १०२ सेंटिमीटर भरला. आपल्याकडच्या पुरुषांना ९० च्या आत हवा, बायकांना ८०. सोनोग्राफीत यकृतावर चरबी.

नोकरी संगणकाची, कामाच्या वेळा परदेशच्या. रात्री साडेअकराला मित्रांबरोबर सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाणं हेच माझं जेवण होतं. भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू (तळलेला कंद), वरून जिलबी किंवा मोठा जलेबा, आणि रात्री एक वाजता झोप. मी सराफा सोडला नाही. महिन्यातून एकदा जातो, संध्याकाळी घरी जेवून जातो आणि एकच पदार्थ खातो. बाकीचे दिवस जेवण आठच्या आत. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग वरण किंवा पनीर, शेवटी पोळी. हा क्रम लावल्यावर तीच पोळी खाऊनही जेवणानंतरची साखर कमी चढते, मी ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलंय. आणि जेवल्यावर गच्चीवर पंधरा मिनिटं चालणं.

पहिले दोन महिने वजनाचा काटा हलला नाही आणि मी फार निराश झालो. घेर मात्र कमी होत होता, ते टेपने कळलं. अमेरिकेतला २००२ चा मोठा अभ्यास माझ्या डोळ्यांसमोर होता : वजन ७ टक्के कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे त्यांचं लक्ष्य, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. माझे ७ टक्के म्हणजे सहा किलो. नऊ महिने लागले. घेर ९४.

राजेंद्र नगर, वय ६६, निवृत्त परिचारिका

सगळे आकडे लिहिताय म्हणून सांगते, आकडा खरा असेल तरच उपयोग. चाळीस वर्षं बीपी मोजलंय, आणि घरोघरी ते चुकीचं मोजलेलं पाहते.

आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी न घालता बसा. दंड छातीच्या उंचीवर टेबलावर टेकवा. बोलू नका. शेजारी कुणी बोलत असेल तर त्यालाही गप्प करा. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सात दिवस. घरी मोजताना सरासरी १३५/८५ च्या वर राहिली तर ते वाढलेलं धरतात. दवाखान्यात १४०/९० धरतात, तिथे माणूस थोडा घाबरलेला असतो.

अजून एक. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं बीपी त्या गोळ्यांनीही वाढतं. ज्येष्ठमधाचे काढे महिनोन्महिने घेणाऱ्यांचंही. आयुर्वेदिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं नाही, असं करू नका.

रामबाग, वय ७०

मी फसलो ते लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कुणीतरी सांगितलं की कमी सोडियमचं मीठ आणा, बीपीला चांगलं. आणलं. चव तीच, म्हणून हात सैल सोडला. सकाळी नारळपाणी सुरू केलं, तेही बीपीसाठीच. त्या मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, १.७ आहे, आणि बीपीची गोळी टेल्मिसार्टन, जी स्वतःच पोटॅशियम थोडं वाढवते. तीन आठवड्यांनी पायांतली शक्ती गेल्यासारखं झालं. रक्तात पोटॅशियम ६.१ निघालं. ते पाचच्या आसपास थांबायला हवं. मला त्याच रात्री भरती केलं, हृदयाचा आलेख पुन्हा पुन्हा काढत होते.

ज्यांची मूत्रपिंडं ठणठणीत आहेत त्यांना हे मीठ उपयोगी पडतं असं डॉक्टर म्हणाले. पण ज्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे किंवा बीपीची अशी गोळी चालू आहे, त्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये. मी आता साधंच मीठ खातो, थोडं. आमचा दोघांचा पुडा ८८ दिवस गेला.

लोकमान्य नगर (धागा सुरू करणारी)

काका, तुम्ही बरे आहात हे वाचून जिवात जीव आला. हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

दोघींनी विचारलंय, सैंधव चालतं का. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ, सगळ्यांत मुख्य भाग तोच सोडियम क्लोराईड. चमचा तेवढाच धरायचा. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, चवीला खारट लागत नाही एवढंच.

सुदामा नगर, वय २९

मला पीसीओएस आहे, म्हणजे पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड, आणि त्याच्या मुळाशी इन्शुलिन रेझिस्टन्स. लग्न होऊन नाशिकहून इथे आले तेव्हा पाळी तीन-तीन महिने येत नव्हती.

आमच्याकडे चातुर्मास कडक. एकादशी, सोमवार, चतुर्थी मिळून महिन्यात सात-आठ उपास. उपास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री पुन्हा साबुदाणा किंवा शिंगाड्याचा शिरा. मी सासूबाईंना कसं सांगू, की उपासाच्या दिवशी माझी साखर सर्वांत जास्त चढते? नव्या सुनेने उपासावर बोलणं म्हणजे श्रद्धेवर बोलल्यासारखं होतं. मी वर्षभर गप्प राहिले.

मग एका चतुर्थीला मी खिचडी खाल्ल्यानंतर तासाभराने त्यांच्यासमोर बोट टोचलं. १८६. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्यांनीच विचारलं, "आज मोरधनाचं करून बघू का?" (महाराष्ट्रात वरई किंवा भगर म्हणतात ते.) मोरधन १६२. त्यानंतरच्या उपासाला राजगिऱ्याची भाकरी, दह्यातली काकडी, शेंगदाण्याची आमटी : १३४. तिन्ही आकडे कागदांवर लिहून त्यांनी देवघराशेजारच्या भिंतीवर लावले. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्टच, त्यात प्रथिनंही नावापुरतीच आणि चोथाही, हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलं असतं तरी आमच्या घरात पटलं नसतं. त्या आकड्यांनी पटलं, आणि मुख्य म्हणजे उपास मोडला नाही.

आता घरात दर उपासाला राजगिरा. रोजच्या जेवणात मला ज्वारीची भाकरी, बाकीच्यांना पोळी. दूध घातलेला गोड चहा चारवरून दोनवर आणला, साखर अर्धा चमचा. गेले पाच महिने पाळी पस्तीस दिवसांच्या आत येतेय. लिहिताना डोळे भरून आले.

स्नेहलता गंज, वय ४८

कपड्याचं दुकान आहे. पथ्य करून बीपी १२६/८० आलं आणि मी गोळी माझ्या मनानं बंद केली. वाटलं, आता गरज काय. तिसऱ्या आठवड्यात दुकानात डोकं ठणकायला लागलं, १७८/१०४. माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झालेला आहे, तरी मी हे केलं. १२६ हा आकडा गोळी आणि पथ्य दोघांनी मिळून आणला होता. आता डॉक्टरांनी डोस अर्धा केलाय, त्यांनी, मी नाही.

अन्नपूर्णा, वय ३९

आईसाठी लिहितोय. तिला मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी चालू होती. मी उत्साहाने एका दिवसात तिचा भात आणि पोळी बंद केली. संध्याकाळी तिला दरदरून घाम, हात थरथरत होते, साखर ५४. गोळी साखर खाली खेचत होती आणि ताटात काही नव्हतं. गूळपाणी दिलं, सावरली. अशी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांना डोस विचारा.

तिलक नगर, वय ५२, डबे करते

रोज २२ डबे जातात, दोन वेळचे. त्यातले नऊ जण बीपी किंवा साखरेचे. सगळ्यांसाठी एकच भांडं चढतं, म्हणून वेगळं अळणी करणं परवडत नाही. मी काय केलं, दर पंधरा दिवसांनी वरणभाजीतलं मीठ चिमटीभर कमी केलं. कुणाला सांगितलं नाही. एकदम निम्मं केलं तेव्हा चौघांनी डबा बंद केला होता, हळूहळू केलं तेव्हा एकानंही विचारलं नाही. जीभ सहा-आठ आठवड्यांत सरावते, मी माझ्याच जिभेवर पाहिलं. फोडणीत लसूण आणि हिंग थोडा सढळ घालते, उतरवल्यावर लिंबू किंवा आमचूर. आंबट असलं की मिठाची उणीव कळत नाही.

रविवारी दाल-बाफले (वरण आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे). पूर्वी चार बाफले तुपात बुडवून देत होते. आता दोन, वर एक चमचा तूप, वरण दीड वाटी आणि मुळा-काकडी भरपूर. पापड डब्यातून काढला.

जिरावणाशिवाय इंदूरकराचं चालत नाही, म्हणून बिनमिठाचं करते : धणे, जिरं, बडीशेप भाजून, चार लवंगा, थोडी मिरी, सुंठ, हळद, हिंग, लाल तिखट आणि आमचूर. काळं मीठ नाही. पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, हवं तितकं घाला. मिठाचा किलोचा पुडा पूर्वी चार दिवसांत संपायचा, आता सहावा दिवस उजाडतो.

सुदामा नगर, वय ६३

वर सुनेने लिहिलंय, ती माझी सून. मला लिहायला सांगत होती, आज लिहिते.

तिचे आकडे पाहून मी माझंही बीपी मोजलं. १५२/९०. मला वाटत होतं मी काहीच खात नाही. पण कैरीचं लोणचं दोन्ही वेळेला, त्याचा खार भातावर, ताकात मीठ, वर पापड. लोणच्याला मीठ कमी केलं तर ते टिकत नाही, हे खरंच आहे, म्हणून या वर्षी पाच किलोच्या जागी एकच किलो घातलं. बरणी आता जेवणाच्या टेबलावर नसते, वरच्या कपाटात असते, गुडघ्यांमुळे मी उठून काढत नाही. ताकात मिठाऐवजी भाजलेलं जिरं आणि कोथिंबीर. पुडा आमच्या पाच जणांत ३४ दिवस गेला, अजून सहा दिवस वाढवायचेत.

राजेंद्र नगरच्या ताईंना विचारते, माझा दंड जाड आहे. यंत्राचा पट्टा जेमतेम पुरतो. त्याने आकडा चुकतो का?

राजेंद्र नगर, वय ६६

हो ताई, पट्टा लहान पडला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. कोपर आणि खांद्याच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजून लिहून न्या आणि औषधांच्या दुकानात त्या मापाचा मोठा पट्टा मागा, बहुतेक यंत्रांना वेगळा मिळतो. तो लावून पुन्हा सात दिवस मोजा आणि मगच डॉक्टरांकडे जा. १५२ आहे की कमी, ते तेव्हा कळेल. लोणचं मात्र कपाटातच राहू द्या.