पाच माणसं, अडीच तिकिटं : सहलीच्या प्रकल्पावरून

खडूफळा

कर्वेनगरी यांची परवाची पोस्ट वाचून गप्प बसायचं ठरवलं होतं, पण नाही राहवत. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांच्या सहावीतल्या मुलीला शाळेने 'कुटुंबाच्या सहलीचं नियोजन' असा प्रकल्प दिला. पाच माणसं, दोन मुक्काम, पंधरा हजार रुपये, पुण्याहून वाई-पाचगणी-महाबळेश्वर. खर्च गणितात धरायचा, नकाशा भूगोलात, आणि 'तिथली संस्कृती' यावर दोन पानं. ताईंचं म्हणणं असं की हा पालकांना दिलेला गृहपाठ आहे, यात गणितही नाही न् भूगोलही नाही, आणि तीन विषय एकत्र कालवले की तिन्ही पातळ होतात.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि जवळपास हाच प्रकल्प घेते. त्यात गणित कसं नाही ते सांगाच मला.

आजी ७६ वर्षांची. आई, बाबा, ११ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा. एसटीने जायचं आहे. पूर्ण तिकिटं किती? निम्मा वर्ग 'पाच' लिहून मोकळा होतो. मग कोणीतरी म्हणतं, बाई, माझ्या आजीला फुकट असतं. बरोबर, पंच्याहत्तरीच्या पुढे शून्य. महिलांना निम्मं, म्हणजे आई अर्धी. बाबा एक. पाच ते बारा वयाची दोन्ही पोरं अर्धी अर्धी. झाली अडीच. एवढ्यात मागच्या बाकावरून हमखास येतं, "बाई, ती लहान पण आहे आणि मुलगी पण आहे, मग तिचं पाव तिकीट का नाही?" पुढची दहा मिनिटं वर्ग माझ्या हातात नसतो. एक गट म्हणतो पाव, दुसरा म्हणतो पन्नास आणि पन्नास शंभर, म्हणजे ती पण फुकट! सवलतीवर सवलत मिळत नाही हे शेवटी मी सांगते, पण शेकड्याचा शेकडा काढताना काय होतं हे तोवर त्यांचं त्यांनीच फळ्यावर मांडलेलं असतं. उदाहरणसंग्रह सोडवताना असं भांडण झालेलं मी तरी पाहिलं नाही.

आता भूगोल. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायचं. वाई ते पाचगणी दोरा नखाएवढा भरतो. पण त्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये पसरणीचा घाट साडेपाचशे मीटर चढतो, मग वेळ किती धरायचा? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजाराचीसुद्धा मारामार. 'पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय' याचं दोन ओळींत उत्तर सगळेच लिहितात. जुलैत जायचं ठरलं तर छत्री कुठल्या गावात उघडायची आणि कुठे मिटायची, हे सांगायला मात्र ढग कुठून येतात आणि कुठे रिकामे होतात ते कळावं लागतं.

तेव्हा 'गणित नाही, भूगोल नाही' हे जरा जपून.

कर्वेनगरी

ताई, तुमच्या वर्गात हे सगळं होत असेल तर तुमच्या विद्यार्थ्यांचं नशीब. माझ्या घरी काय झालं ते सांगते, मग जपून बोलायचं की नाही ते ठरवू.

रात्री साडेनऊला कन्या म्हणाली, "आई, उद्या द्यायचाय." हॅंडमेड पेपर हवा, फोटोंच्या रंगीत प्रिंट हव्यात, वर स्ट्रॉबेरीचं थ्रीडी कटआउट हवं. त्या वेळी अप्पा बळवंत चौकात कोण माझी वाट बघत बसलंय? नवऱ्याने जुन्या लग्नपत्रिका कापून स्ट्रॉबेऱ्या केल्या. मी संस्कृती लिहिली. मुलगी अकराला झोपली.

गुण? मांडणी आणि सजावट दहापैकी पाच. हिशोब दोन. उरलेले तीन 'सादरीकरणातील आत्मविश्वास'.

आणि त्या दोन गुणांच्या हिशोबात काय होतं पाहा. तिने जाताना दोन टोल धरले होते, खेड शिवापूर आणि आणेवाडी. अहो, वाईला जायचं तर सुरूरला वळतो आपण. आणेवाडी त्याच्या पुढे, साताऱ्याच्या अंगाला. दुसरं, पुणे ते वाई नव्वद किलोमीटर, गाडीचा वेग ताशी ऐंशी, म्हणून एक तास साडेसात मिनिटं. शनिवारी सकाळी. कात्रजपासून खंबाटकीपर्यंत. साडेसात मिनिटं! दोन्हीवर बरोबरची खूण, खाली 'खूप छान' आणि चांदणीचं स्टिकर.

कुणीही ते वाचलेलं नव्हतं. माझा राग त्याचा आहे.

पाढे_पंचावन्न

नव्वद भागिले ऐंशी, एक पूर्णांक एक अष्टमांश. एक तास साडेसात मिनिटं. उत्तर बरोबर आहे, खूण योग्यच आहे. खंबाटकीत ट्रक किती अडकलेत हे तपासायचं असेल तर वाहतूक शाखेत अर्ज करावा.

आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालो. सातवीच्या पोराला सतरा आठे विचारा, तो छताकडे बघतो. आणि आपण त्याला महाबळेश्वरला पाठवतोय. गणित हा रियाजाचा विषय आहे. आधी तास-दोन तास बसून उदाहरणं सोडवा, मग खुशाल सहलीला जा. हा एकात्मिक, तो अनुभवाधारित, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून नुसता शब्दांचा पाऊस पडतोय.

एक साधं उदाहरण देतो. जाताना ताशी ६०, येताना त्याच रस्त्याने ताशी ४०. सरासरी वेग किती? प्रकल्पवाल्यांनी सांगावं.

लालपरी

मला वेगळाच प्रश्न पडलाय. कर्वेनगरी, मुलीने गाडीच का धरली? एसटी का नाही? स्वारगेटहून वाईला गाड्या आहेत. पंधरा हजारांत पाच माणसं बसवायची आहेत आणि पहिली ओळ पेट्रोल!

माझे वडील कंडक्टर होते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला पुण्याहूनच सुटली, नगरला. त्याच शहरातल्या मुलांना आज फलाट कुठला, थांबे कुठले हे माहीत नसतं. सहल म्हणजे गाडी काढायची, एवढंच.

कर्वेनगरी

कारण आमच्याकडे गाडी आहे. गुन्हा आहे का? सासूबाईंचे गुडघे, दोन मुलं, चार बॅगा. वाईला उतरून पाचगणीची गाडी, मग महाबळेश्वरची. एकदा करून बघा आणि मग मला इतिहास शिकवा.

लालपरी

करून बघा काय, तेच करत मोठे झालो. आजीचे गुडघे तेव्हाही दुखत होते. तिला खिडकीची जागा द्यायचो. आणि तुमच्या आजींना आता तिकीटही नाही.

कर्वेनगरी

माझ्या सासूबाईंचं वय तुम्हाला कुणी सांगितलं?

चांदणी_चौक

थांबा, भांडण नंतर करा. पंधरा हजारांत पाच जण दोन मुक्काम महाबळेश्वर? मे महिन्यात? शाळेने खोल्यांचे भाव शेवटचे कधी विचारले होते?

खडूफळा

अहो, तीच तर मेख आहे. बसत नाही म्हणूनच मुलं वाईत मुक्काम करायचं ठरवतात आणि वर जाऊन येतात. किंवा मे सोडून पावसाळा घेतात, मग भिजण्याचा हिशोब सुरू होतो. बसणारं बजेट दिलं तर मुलं फक्त बेरीज करतील.

पाढे_पंचावन्न

सरासरी वेगाचं उत्तर आलेलं नाही. सगळे एसटीत चढले.

दोन_आसनी

सर, ४८. अंतर १२० धरा. जायला दोन तास, यायला तीन, २४० भागिले ५. पन्नास लिहिणारे कायम भेटतात, माझ्या ऑफिसातही आहेत.

पण ते ६० आणि ४० कुठून आले हे तुमच्या उदाहरणात कधीच कळत नाही. खंबाटकी घ्या. जुन्या रस्त्याने साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, पुण्याला येताना बोगदा. अंतर जवळपास तेच, वेग दोन. पोराला सांगितलं तर तेच विचारेल, "मग येताना लवकर पोचणार का?" तुमचंच गणित आहे सर, फक्त त्याला रस्ता आहे.

पाढे_पंचावन्न

बोगद्याचं उदाहरण ठीक आहे. म्हणजे वाईट नाही. पण ४८ तुम्ही काढलंत ते रियाजाने, सहलीने नाही. हे लिहून ठेवा.

मु_पो_वाई

पुणेकर आमच्या गावावरून भांडतायत आणि गावाला कुणी विचारत नाही, हे नेहमीचंच.

'संस्कृती' या दोन पानांवर बोलू का? गेल्या दिवाळीत पुण्याची भाची आली होती, तिच्या वहीत मी स्वतः वाचलं: 'वाईतील लोकांचा पोशाख : नऊवारी व फेटा.' मी लेंग्यावर बसून चहा पीत होतो. पुढे 'मुख्य अन्न : भाकरी. मुख्य सण : गणपती.' हे पान फाडून नाशिकच्या प्रकल्पाला चिकटवलं तरी चालेल. ढोल्या गणपतीचा फोटो होता, घाटाचा होता. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या गावात चालतं, त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच राहिले, हे कुठे नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाटावर ती मोठी घंटा आहे, चिमाजी अप्पांच्या पोर्तुगिजांवरच्या वसईच्या मोहिमेतून, १७३९ सालच्या, आलेली म्हणतात. चर्चची घंटा महादेवाच्या देवळात कशी आली, यावर एक तास शिकवून होईल. पण नाही, फेटा.

आणि कळस सांगतो. तिने बगाडाबद्दल लिहिलं होतं. रंगपंचमीला बावधनला बगाड, म्हणजे बैलांनी ओढायचा नवसाचा उंच लाकडी गाडा, निघतं, ते आमच्या वाईजवळचं बावधन. तिच्या नकाशावर खूण होती पुण्यातल्या बावधनला, चांदणी चौकाशेजारी.

चांदणी_चौक

आमच्याकडे रोज संध्याकाळी निघतं ते वेगळं बगाड, अडकलेल्या गाड्यांचं.

खडूफळा

वाईकर दादा, फेटा माझ्या वर्गातही येतो. म्हणून मी 'संस्कृती' हा रकाना काढून टाकला. त्याऐवजी: तिथल्या एका माणसाशी बोला, फोनवर चालेल, आणि मोबाईलमध्ये शोधून सापडणार नाही अशी एक गोष्ट आणा.

कर्वेनगरी

आणि तो माणूस कुठून आणायचा? पालकांच्या ओळखीतून. फिरून गाडी आमच्याच दारात.

सिंहगड_पायथा

खरं तर मला लिहायचं नव्हतं, पण 'गाडी आहे, गुन्हा आहे का' वाचलं.

मी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेते. त्यातल्या एका मुलाला असाच प्रकल्प होता, त्यांना ठिकाण आपलं आपण निवडायचं होतं. त्याने स्वतःचं गाव निवडलं, तिकडे बीडकडे. सहल म्हणजे त्याच्यासाठी गावी जाणं. कुठली गाडी किती वाजता लागते, कुठे जेवायला थांबते, फाट्यापासून वडापच्या जीपला माणशी किती, आजोबांना तिकीट नाही, परत येताना ज्वारीचं पोतं टपावर टाकायचं म्हणून हमालाचे किती, सगळं तोंडपाठ. वहीची दोन पानं निळ्या पेनाने भरलेली. चित्र एकही नाही. शेरा आला, 'पर्यटनस्थळ निवडणे अपेक्षित होते.' आणि शेजारच्या मुलाने कधीही न पाहिलेल्या सिंगापूरच्या रंगीत प्रिंट लावल्या, त्याला पैकीच्या पैकी.

हिशोब कुणाला येत होता?

लालपरी

धन्यवाद. हेच म्हणत होतो मी.

कर्वेनगरी

तुम्ही हे म्हणत नव्हता, तुम्ही मला फलाट विचारत होता. ताईंचं मला पटलं, तुमचं नाही. शिवाय यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो: गुण सजावटीला जातात. लग्नपत्रिकेच्या स्ट्रॉबेरीला जे मिळतं ते पोत्याच्या हमालीला मिळत नाही.

पाढे_पंचावन्न

त्या मुलाला माझ्याकडे पाठवा. पाढे मी बघतो, बाकी त्याला येतंय.

खडूफळा

सर, हे म्हणजे तुमच्याकडून जवळजवळ कौतुक झालं.

पाढे_पंचावन्न

मुलाचं. प्रकल्पाचं नाही.

दोन_आसनी

एक शंका. हल्ली मोबाईलवरच्या एआयला सांगितलं की सगळा आराखडा तोच देतो, बजेटसकट. मग काय तपासणार?

खडूफळा

तेच तपासायला द्यायचं. अशा एका आराखड्यात सकाळी प्रतापगड, दुपारी मेणवली आणि संध्याकाळी पाचगणीचा सूर्यास्त होता. वर्गाला विचारलं, नकाशावर बोट फिरवून दाखवा. महाबळेश्वरच्या पलीकडे, मग पाचगणी ओलांडून घाट उतरून वाईजवळ मेणवलीला, मग तोच घाट परत वर. पोरं खिदळायला लागली. "बाई, याला गाडी लागत नाही का?"

मु_पो_वाई

पसरणी दोनदा? लिंबं जवळ ठेवायला सांगा.

कर्वेनगरी

बरं. शुक्रवारी पालकसभा आहे. खडूफळा ताई, तुमची गुणांची विभागणी इथे टाका, आमच्या शाळेला दाखवते. मला तुमचं सगळं पटलंय असा याचा अर्थ कुणी काढू नये. तीन विषय कालवायला माझा विरोध आहेच, फक्त कालवायचेच असतील तर निदान चव तरी बघा.

खडूफळा

हिशोब चार. नकाशा, वेळ आणि ऋतू मिळून तीन. माणसाला विचारून आणलेली गोष्ट दोन. मांडणी एक. नेहमीच्याच वहीत, वर्गातच करायचं, घरी न्यायला बंदी. 'कुटुंबासोबत केलेला कुठलाही प्रवास' चालेल, गावी जाणंसुद्धा. आणि तपासताना टोल मी स्वतः मोजते.

लालपरी

त्यात 'एकदा तरी एसटीने' असं घाला.

कर्वेनगरी

घालू नका.

पाढे_पंचावन्न

मांडणीला एक तरी कशाला?