क्लासिक ३५० वरून दोघांचा लेह प्रवास: सॅडलबॅग कोणती घ्यावी आणि कशी बांधावी?

करवीरकर

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या अखेरीस मी आणि माझी पत्नी मनालीमार्गे लेहला जाऊन कारगिल-श्रीनगरमार्गे परतण्याच्या बेतात आहोत. गाडी २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे. ती चंदीगडपर्यंत रेल्वेने पाठवायची आणि तिथून पुढे चालवायची, असे ठरले आहे. आजवरचे आमचे प्रवास गोवा, गोकर्ण, हंपी अशा बऱ्या रस्त्यांचे होते. पाठीवर एक सॅक आणि कॅरिअरला बंजीने बांधलेली एक बॅग एवढ्यावर भागत असे. या वेळी दोघांचे गरम कपडे, रेनकोट, हत्यारे आणि ट्यूब असे सामान असल्यामुळे सॅडलबॅगांशिवाय, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगांशिवाय, पर्याय दिसत नाही.

एका दुकानदाराने कापडी बॅगांची जोडी दाखवून "साडीगार्ड आहे ना, मग वेगळा स्टे कशाला?" असे सांगितले (स्टे म्हणजे बॅगेला चाक आणि सायलेन्सरपासून दूर धरणारी सळयांची चौकट). दुसऱ्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांशिवाय लडाखला जाऊच नये असे बजावले, आणि त्या पेट्यांची किंमत ऐकून मी त्यांनी मागवलेला चहा न घेताच बाहेर पडलो. कापडी बॅग की पेटी, स्टे खरोखर लागतो का आणि दोघांसाठी किती लिटरची बॅग पुरते, याबद्दल अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

घाटमाथा

करवीरकर, बॅग सगळ्यात शेवटी घ्या. ती कशावर टेकणार हे आधी ठरवा. साडीगार्ड फक्त डावीकडे असते आणि ते साडीचा पदर किंवा ओढणी चाकात जाऊ नये म्हणून दिलेले असते, दहा किलोची बॅग दिवसभर पेलण्यासाठी नव्हे. उजवीकडे तर तेही नसते. तिथे सायलेन्सर असतो. स्टे नसलेली कापडी बॅग खड्ड्यागणिक आत झुलते, डावीकडे चेन आणि स्पोकच्या दिशेने, उजवीकडे तापलेल्या नळकांड्यावर. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही तिथे टेकले की वितळतात, आणि ते लक्षात येईपर्यंत आतल्या स्वेटरलाही भोक पडलेले असते. त्यामुळे स्टे दोन्ही बाजूंना हवाच, आणि बॅगेचा तळ व सायलेन्सर यांच्यामध्ये, मागे माणूस बसून शॉकअब्सॉर्बर दबलेला असतानाही, किमान चार बोटे अंतर राहिले पाहिजे.

तयार स्टे बाजारात मिळतात, पण तुम्ही कोल्हापूरचे आहात आणि उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. तिथे चांगला फॅब्रिकेटर तुमच्या गाडीच्या मापाचा स्टे करून देईल. त्याला मात्र तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. पहिली म्हणजे चासीला वेल्डिंगचा ठिपकाही लावायचा नाही, सगळी जोडणी बोल्टने आणि नायलॉक नटाने (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा नट) करायची. दुसरी म्हणजे स्टेची सगळी टोके गाडीच्या न हलणाऱ्या भागावर बसली पाहिजेत. शॉकअब्सॉर्बरचा वरचा बोल्ट त्यासाठी चालतो, खालचा चालत नाही, कारण तो चाकाबरोबर वरखाली होतो आणि एक टोक वर व एक खाली बांधलेला स्टे पहिल्याच खराब पट्ट्यात तडकतो. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: मागचे चाक काढताना अ‍ॅक्सल (चाकाचा आस) बाजूला बाहेर ओढावा लागतो, त्याच्या वाटेत स्टेची आडवी सळई येता कामा नये. तुमच्या गाडीला स्पोकची चाके असतील तर टायरमध्ये ट्यूब आहे आणि वाटेत पंक्चर झाले तर चाक उतरवावेच लागणार. तेव्हा आधी स्टे सोडत बसणे म्हणजे तासाभराचे वाढीव काम.

कापडी की पेटी, यावर माझे मत कापडीच्या बाजूने आहे. चिखलात किंवा ओढ्याच्या गोट्यांतून जाताना आपण दोन्ही पाय खाली सोडून गाडी ढकलत नेतो. अशा वेळी पाय टेकलेला राहून गाडी पुढे सरकली की पोटरी पेटीच्या कडेखाली सापडू शकते आणि हाड मोडते. कापडी बॅग पायावर आली तर दबते. शिवाय गाडी आडवी पडल्यावर पेटीला पोचा येऊन झाकण बसेनासे होते. कापडाला फार तर ओरखडा पडतो.

आता वजनाबद्दल. दोन्ही बॅगा भरून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि त्यांच्यातला फरक एक किलोच्या आत आणा. हत्यारे, ट्यूब, इंजिन ऑइलची बाटली असे जड सामान बॅगेच्या तळाशी आणि पुढच्या कोपऱ्यात, म्हणजे अ‍ॅक्सलच्या शक्य तितके पुढे ठेवावे. मागे लोंबणारे वजन पुढचे चाक हलके करते आणि वेगात हँडल थरथरू लागते. टायरमधल्या हवेसाठी मालकपुस्तिकेत दोन व्यक्तींसाठी जो आकडा दिला आहे तोच धरा. क्लासिकच्या मागच्या शॉकअब्सॉर्बरला सहा टप्प्यांचे प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याची सोय) असते, ते भरल्या गाडीसाठी वाढवून घ्या. आकारमानाचे म्हणाल तर दोघांसाठी दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास लिटर पुरेसे आहे. साठ-सत्तर लिटरची जोडी घेतली तर ती भरलीच जाते, हा मनुष्यस्वभाव आहे.

चाकोरीबाहेर

घाटमाथा यांच्या स्टेबद्दलच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे, पण पेट्यांना त्यांनी जरा फारच लवकर निकालात काढले. पेटीला कुलूप लागते. दोघे जण एखाद्या गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) पायऱ्या चढून तासभर आत बसणार असतील, तर खाली उभ्या असलेल्या गाडीवरच्या कापडी बॅगेची चेन कोणीही उघडू शकतो, ही चिंता डोक्यात राहतेच. पाऊसही पेटीत शिरत नाही. एकट्याने, डांबरी रस्त्याने, रोज नव्या गावी मुक्काम करत दक्षिणेत फिरणाऱ्याला मी पेट्याच सुचवीन. मनाली-लेहसाठी, तेही दोघांचे वजन असताना, मात्र मीही कापडीच बॅगा नेईन. रिकाम्या पेट्या आणि त्यांची चौकट यांचेच वजन इतके असते की सामान भरण्याआधीच गाडी अर्धी भरलेली असते.

कापडी बॅगेबरोबर जे रेनकव्हर मिळते त्यावर विसंबू नका. मागच्या चाकाने उडवलेले पाणी बॅग आणि स्टे यांच्या फटीतून आत जाते आणि कव्हरच्या तळाशी साचून राहते, म्हणजे पावसापासून वाचवायला घातलेल्या कव्हरातच बॅग भिजत पडते. कव्हराच्या सर्वांत खालच्या बिंदूला एक छोटे भोक पाडून त्यात चांभाराकडून आयलेट बसवून घ्या. कपडे आत वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीतच भरा. साखरेच्या पोत्यांच्या आत जे अस्तर असते ते फुकटात मिळते आणि त्याचे तोंड दोनदा पिळून रबर लावले की थेंब आत जात नाही.

आकड्यांच्या बंजीबद्दलही दोन शब्द. ताणलेला आकडा सुटून डोळ्यावर आला तर डोळा जातो. त्याऐवजी बकलचे सपाट पट्टे वापरा, आणि पट्ट्याचे उरलेले टोक गुंडाळून रबराने बांधल्याशिवाय गाडीला किक मारू नका. (तुमच्या गाडीला किक नाही, बटन आहे, पण भावना पोचली असेल.) मोकळे टोक चेनमध्ये गेले तर मागचे चाक जागच्या जागी अडकते.

मागची सीट

या धाग्यावर सगळे पुढे बसणारे बोलत आहेत, म्हणून मागे बसणारीचेही ऐकावे. दुकानात बॅग लावून पाहताना वहिनींना बरोबर न्या आणि त्यांना प्रवासातले बूट घालून बसायला सांगा. बॅग थोडी पुढे आली तरी तिची कड पोटरीला लागते आणि पाय फूटरेस्टच्या टोकावर ठेवावे लागतात. दोन तासांनी गुडघे बोलू लागतात. बॅगांना जोडणारे रुंद पट्टे सीटवरून न घेता मागची सीट काढून तिच्याखालून घ्यावेत, नाहीतर दिवसभर त्या वेल्क्रोच्या वळीवर बसावे लागते.

चढण्याची पद्धतही घरीच ठरवून घ्या. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकवून, पुढचा ब्रेक दाबून "बस" म्हटल्यावरच मागच्याने डाव्या फूटरेस्टवर पाय ठेवून चढायचे. बॅग पायरीसारखी दिसते, पण तिच्यावर पाय ठेवला की पट्टे सरकतात आणि गाडी त्या बाजूला कलते. रेनकोट, हातमोजे आणि एक गरम जॅकेट यांची जागा बॅगेच्या वरच्या थरात असावी. बारालाचा खिंडीत ऊन जाऊन गारा पडू लागतात तेव्हा सगळे सामान रस्त्यात मांडून जॅकेट शोधण्याची वेळ येऊ नये. हवाबंद पाकिटातला खाऊ मात्र बेताने न्या: उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की बाकरवडीचे पाकीट फुगून टम्म होते आणि सकाळी सहज मिटलेली बॅग दुपारी मिटत नाही.

करवीरकर

सर्वांचे मनापासून आभार. स्टे करून घेतो आणि कापडी बॅगा घेतो. पत्नीने "मागची सीट" ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचून काढला आहे. आणखी दोन शंका आहेत. जादा पेट्रोल न्यावे का, आणि नेल्यास कॅन कुठे बांधावा? रेल्वेने गाडी पाठवताना स्टे काढावा लागतो का?

घाटमाथा

मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावरचा "पुढील पंप ३६५ किलोमीटर" हा फलक प्रसिद्ध आहे. तुमची टाकी १३ लिटरची. दोघे, सामान आणि चढ धरून लिटरला ३० किलोमीटर मिळाले तर हिशेब ३९० चा होतो, म्हणजे हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. पाच लिटर जादा न्याच. कॅन पेट्रोलसाठीच बनवलेला असावा, पाण्याची बाटली नव्हे. तो काठोकाठ भरू नका, कारण सुमारे ५,३०० मीटरच्या टांगलांग ला खिंडीपर्यंत चढताना आतली वाफ फुगते. सायलेन्सरपासून लांब, डाव्या स्टेच्या बाहेरच्या अंगाला, अ‍ॅक्सलच्या पुढे तो उभा बांधा. बॅगेच्या आत कधीही ठेवू नका, कपड्यांना वास लागतो हे त्यातले सर्वांत लहान नुकसान आहे. पाच लिटर पेट्रोलचे वजन पावणेचार किलोच्या आसपास भरते, तेव्हा तेवढे वजन उजव्या बॅगेत वाढवून तोल साधा. टाकीत पाच लिटरची जागा झाली की कॅन लगेच तिच्यात रिकामा करा आणि उजवीकडचे जादा सामान डावीकडे हलवा.

रेल्वेसाठी स्टे काढण्याची गरज नाही, उलट गाडी कलली तर तोच मागचा भाग वाचवतो. त्याच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यांना गोणपाट दुहेरी गुंडाळायला पॅकिंगवाल्यांना सांगा. आरसे काढून स्वतःजवळ ठेवा आणि बॅगा गाडीबरोबर न पाठवता तुमच्या डब्यात घ्या. टाकी मात्र पार्सल ऑफिसात पूर्ण रिकामी करून घेतात, त्यामुळे चंदीगडला उतरल्यावर पहिल्यांदा रिकामा कॅन घेऊन पंप गाठावा लागेल. निघण्याच्या दोन आठवडे आधी सगळे सामान बांधून, वहिनींसह, गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत चढून या. घरी आल्यावर स्टेच्या प्रत्येक बोल्टला पाना लावून पाहा आणि जो बोल्ट फिरेल त्याला निळे थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावा.