नृत्यस्पर्धेत परीक्षकांनी बघायचं काय, आजचा नाच की पुढची झेप?

सुरंगी (रत्नागिरी)
गणपती आले की आपल्याकडे गावोगाव रेकॉर्ड डान्सच्या स्पर्धा लागतात. लहान गटाचं बक्षीस बहुतेक वेळा ज्याचा नाच सगळ्यात जास्त घोटलेला त्यालाच जातं. मी नाच शिकवते आणि मला हे अजिबात पटत नाही. तीन मिनिटांत दिसते ती क्लासच्या बाईंची मेहनत. मूल पुढे किती जाईल ते त्यात कळत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९७३ पासून 'प्री द लोझान' ही बॅलेची स्पर्धा भरते, १५ ते १८ वयाच्या मुलामुलींसाठी. तिथे परीक्षक मुलांना आधी वर्गात शिकताना बघतात, क्लासिकल आणि कन्टेम्पररी दोन्ही, आणि मग रंगमंचावर. तंत्र बघतातच, पण संगीत मुलाच्या अंगात कसं उतरतं, समन्वय, धीटपणा, स्वतःची छाप हेही तोलतात. विजेत्याला मिळते ती मोठ्या बॅले शाळेत किंवा कंपनीत, म्हणजे व्यावसायिक नृत्यसंचात, शिकण्याची शिष्यवृत्ती, त्यामुळे परीक्षकांना पुढचा विचार करावाच लागतो. क्युबातल्या हवानाचा कार्लोस अकोस्टा १९९० मध्ये तिथे सुवर्णपदक मिळवून गेला आणि पुढे लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला.

माझं म्हणणं, आपणही सकाळी सगळ्या मुलांना एकत्र बोलवावं. सोळा मात्रांचा नवा तुकडा शिकवावा, तो कोण कसा उचलतंय ते परीक्षकांनी बघावं. संध्याकाळी नेहमीचा नाच आहेच.

खाडीकाठ (दापोली)
ताई, मी पालक म्हणून लिहितो. ठेका चुकला, पाय घसरला, रांग मोडली हे मला दिसतं, म्हणून निकाल पटतो. 'झेप' कुणाला दिसते? उद्या माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सांगायचं का, की तू छान नाचलीस पण परीक्षकांना तुझ्यात पुढचं काही दिसलं नाही? अशा निकालावर दाद कुठे मागणार?

आणि नवा तुकडा पटकन उचलणं हीसुद्धा सवयच असते. ज्या मुलांना आठवड्याला चार तास क्लास आहे ती उचलतील. आमच्या वाडीतली पोरं सकाळच्या फेरीला पोचायचीच नाहीत, पहिली एसटीच साडेआठची.

सुरंगी
एसटीचा मुद्दा खरा आहे, फेरी दुपारी ठेवावी. सवयीचं मात्र वेगळं आहे. पहिल्यांदा कोण बरोबर करतं ते बघायचंच नाही. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत फरक किती पडला ते बघायचं.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, जाखडी या आपल्या कोकणी लोकनाचवाल्यांच्या घरातली. गिरकी घेताना मान खांद्याबरोबरच फिरायची. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हटलं नजर तिथे ठेव, मान शेवटी वळव. पुढच्याच गिरकीला मान शेवटी वळली, आणि मी न सांगता तिनं उलट बाजूलाही तसंच करून पाहिलं. स्टेजवर ती अजून बुजते, त्यामुळे आजच्या पद्धतीत तिचा नंबर कधी लागायचा नाही.

वाशिष्ठी (चिपळूण)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोझानच्या निकषांत शरीराची अनुकूलताही असते, ते सुरंगीताईंनी गाळलं. बॅलेत पाय बाहेर वळतो तो खुब्यातून, आणि खुब्याच्या सांध्याची ठेवण बरीचशी उपजतच असते. जिचा खुबा वळत नाही ती गुडघा आणि घोटा पिळून तेवढाच कोन दाखवते. परीक्षक खूश होतात आणि पोरगी दुखणं घेऊन माझ्याकडे येते.

शिवाय उंची झपाट्याने वाढते त्या काळात मुलांचा तोल जातो, मांडीचे मागचे स्नायू आखडतात. त्या दिवसांत काढलेलं अनुमान कसं टिकणार? लोझानला १५ च्या आत प्रवेश नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. अमेरिकेत १९९९ ला सुरू झालेल्या 'यूथ अमेरिका ग्रां प्री'त नऊ वर्षांची मुलंही उतरतात, ते मला पटत नाही. नव्या कलमाला पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर आपण तो खुडून टाकतो, झाड आधी वाढावं म्हणून. बारा वर्षांखाली नाचू द्या, नंबर काढू नका.

बांद्याचो झील
माका स्पर्धेचाच पटणा नाय. दशावताराच्या नाटकात नवा पोरगा कंपनीबरोबर फिरतो, लहानसहान कामं करतो, आणि संवाद लिहिलेले नसताना तो कसा निभावतो ते जाणती मंडळी रात्रीमागून रात्र बघतात. मग कधीतरी राजाची भूमिका. मुंबईचे अमीरुद्दीन शाह आणि मनीष चौहान घ्या. येहुदा माओर या शिक्षकांनी त्यांना हेरलं ते रोजच्या वर्गात. अमीरुद्दीन पुढे लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला.

सुरंगी
दादा, पण आमच्या तालुक्यात असा शिक्षक येणार कुठून? बाहेरची जाणती नजर मुलांवर पडते ती वर्षातून एकदा, स्पर्धेच्याच दिवशी. लोझानला अंतिम फेरीत न पोचलेल्या मुलांनाही शाळांच्या संचालकांसमोर उभं राहायची संधी देतात, काहींना तिथूनच प्रवेश मिळतो. आपल्याकडे नंबर हुकला की मूल रात्रीच गाडीत बसून घरी. वाशिष्ठीताईंची वयाची अट मला मान्य आहे, बारा वर्षांखाली नंबर नकोत.

खाडीकाठ
मग परीक्षकांनी प्रत्येक मुलाला चार ओळी लिहून द्याव्यात, काय दिसलं आणि काय सुधारायला हवं. नंबर येवो न येवो. तो कागद मिळणार असेल तर मी मुलीला दुपारच्या फेरीला आणतो. नुसतं आतल्या आत गुण देऊन 'हिच्यात झेप आहे' म्हणणार असाल तर माझा विरोध कायम आहे.